स्कुकुझा

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आलेले आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आलेले बारा चित्ते कुनोच्या रानात उतरले, तेव्हापासून श्योपुरची वाट कधी न पाहिलेल्या ग्वाल्हेरकरांच्या तोंडीही आफ्रिकेतील जंगलांची नावे येऊ लागली आहेत. त्या नावांत क्रूगर हे नाव सर्वांत मोठे. साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास पसरलेले हे राष्ट्रीय उद्यान पॉल क्रूगर ह्या बोअर राष्ट्राध्यक्षाच्या नावाने ओळखले जाते. परंतु ज्या माणसाने ते उभे केले, त्याचे नाव उद्यानाच्या पाटीवर नाही. उद्यानातील मुख्य ठाण्याला मात्र त्याचे नाव मिळाले आहे. आणि तेही त्याच्या बापाने ठेवलेले नव्हे, तर तिथल्या शांगान लोकांनी ठेवलेले टोपणनाव : स्कुकुझा. झाडून साफ करणारा, असा त्याचा अर्थ सांगतात. सगळे उलथेपालथे करून टाकणारा, असाही सांगतात. हे नाव कौतुकाने पडले की रागाने, ह्याचा उलगडा त्या माणसाच्या चरित्रातूनच होतो, आणि म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन ह्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६७ रोजी डब्लिन येथे झाला. घराणे स्कॉटलंडमधले, लॅनार्कशायर परगण्यातील फेअरहोम येथील जमीनदारांचे. रग्बीच्या शाळेत शिक्षण झाले, पुढे सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात, आणि १८८८ साली ते इनिस्किलिंग ड्रॅगून्स ह्या घोडदळाच्या पलटणीत दाखल झाले. त्या काळच्या खानदानी इंग्रज मुलाचा हा ठरलेला रस्ता होय. त्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही. पलटणीबरोबर ते नाताळ प्रांतात गेले आणि तेथे त्यांस आफ्रिकेची ओढ लागली. १८९८ मध्ये मेजर गिबन्स ह्यांच्या सफरीबरोबर ते झांबेझी नदीच्या खोऱ्यात हिंडून आले. मग बोअर युद्ध सुरू झाले, त्यात तीन वर्षे गेली. युद्ध संपले तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. अंगाने लहानखोर, स्वभावाने तापट, घरचे खाऊनपिऊन सुखी, अविवाहित आणि पुढे काय करावे हे न ठरलेले, असे हे मेजरसाहेब होते.

आता जेथे त्यांची नेमणूक झाली त्या रानाची हकिकत सांगितली पाहिजे. ट्रान्सवालच्या पूर्व सीमेवर, पोर्तुगीजांच्या मोझांबिकला लागून जो सखल प्रदेश आहे, त्यास लोवेल्ड म्हणतात. उन्हाळा आला की तेथे पाऊस आणि पावसामागून हिवताप. म्हणून गोरे लोक थंडीचे चार महिने तेवढे तेथे येत, गाड्या भरभरून जनावरे मारीत, मांस वाळवून आणि कातडी सोलून परत डोंगरावर जात. वाळवलेल्या मांसाला तिकडे बिल्टाँग म्हणतात. चामड्याला तर बाजार होताच. शंभर वर्षांच्या आत हत्ती, गेंडे जवळजवळ संपले. त्यात १८९६ साली बुळकांडी आली. आपल्याकडील जुन्या शेतकऱ्यांस हा शब्द समजावून सांगावयास नको. गुरे मेली, त्यांच्याबरोबर रानातले गवेही मेले. अशा ह्या उजाड झालेल्या मुलुखापैकी साबी आणि क्रोकोडाइल ह्या दोन नद्यांमधला पट्टा क्रूगर ह्यांच्या सरकारने २६ मार्च १८९८ रोजी शिकारबंद म्हणून जाहीर केला. जाहीर केला म्हणजे कागदावर केला. दुसऱ्याच वर्षी युद्ध पेटले आणि त्या कागदाकडे बघण्यास कोणाला सवड राहिली नाही. उलट स्टायनेकर्स हॉर्स नावाचे एक बेशिस्त घोडदळ इंग्रजांनी त्याच रानात आणून ठेवले आणि त्या शिपायांनी आपली भूक रानावरच भागवली.

१९०२ च्या जुलैत ट्रान्सवालचे देशी लोकांच्या खात्याचे आयुक्त सर गॉडफ्रे लॅग्डेन ह्यांनी हॅमिल्टनसाहेबांची ह्या साबी रानाचे पहिले वॉर्डन म्हणून नेमणूक केली. पलटणीतून दोन वर्षांपुरते उसने घेतलेले हे काम होते. कामाचे स्वरूप काय, अधिकार कोणते, नियम कोणते, ह्याविषयी आयुक्तांपाशी सांगण्यासारखे काहीच नव्हते. तेथे जाऊन जो तो नाराज होईल असे वागावे, एवढाच काय तो उपदेश त्यांनी केला, असे साहेबांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. विनोद म्हणून तो बरा आहे. पण कायदा राबविणाऱ्या माणसाची सबंध नोकरी त्या एका वाक्यात येऊन गेली.

बैलगाडी जोडून साहेब निघाले. प्रवासात जनावर फारसे दिसलेच नाही, हेच त्यांस पहिल्यांदा जाणवले. ज्या रानाची राखण करावयाची, त्यात राखण्याजोगे उरले होते ते हरणांचे थोडके कळप. प्रथम क्रोकोडाइल नदीच्या काठी आणि मग साबी नदीच्या पुलापाशी त्यांनी ठाणे केले. तेथे सेलाटी रेल्वेचे काम पैशाच्या घोटाळ्यात सापडून अर्धवट थांबले होते आणि युद्धात बांधलेली एक चौकी रिकामी पडली होती. त्या चौकीत त्यांनी बिऱ्हाड केले. मदतीला गोरे रेंजर दोन, तीन, पुढे चारपाच. त्यांतील हॅरी वोल्ह्यूटर हा तर त्या स्टायनेकर्स हॉर्समधलाच शिपाई होता. पण रान त्याला ठाऊक होते आणि लोकांची भाषाही येत होती. ज्याला वाटा ठाऊक त्यालाच राखणीस बसवावे, हा शहाणपणा साहेबांपाशी होता.

गोऱ्या रेंजरांची नावे पुस्तकांतून आली आहेत. त्यांच्या हाताखाली जे शांगान आणि स्वाझी रखवालदार होते, त्यांची नावे फारच थोडी आली. वस्तुतः रान राखले ते त्यांनीच. ठाण्यापासून दिवस दिवस चालत जावयाचे, तारेचे फास शोधून काढावयाचे, कुत्री घेऊन येणाऱ्या टोळ्यांचा माग धरावयाचा, रात्री झाडाखाली शेकोटी करून पडावयाचे. माग ओळखण्याची विद्या त्यांची, पाय त्यांचे, सिंहाचा धोका त्यांचा. रिपोर्टाखाली सही साहेबांची.

वोल्ह्यूटरची एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ऑगस्ट १९०३ मध्ये तो तिन्हीसांजेला घोड्यावरून एकटाच पुढे चालला होता. बरोबर कुत्रा तेवढा, माणसे मागे राहिलेली. वाटेत दोन सिंह उठले. एकाने घोड्यावर झेप घेतली, वोल्ह्यूटर खाली पडला तो दुसऱ्याच्या पुढ्यात. त्या सिंहाने त्याचा उजवा खांदा जबड्यात धरला आणि त्याला फरफटत नेले. फरफटत जात असतानाच त्याने डाव्या हाताने कमरेची सुरी उपसली आणि अंदाजाने सिंहाच्या अंगात भोसकली. सिंहाने सोडले, तो जवळच मरून पडला. वोल्ह्यूटर तसाच एका झाडावर चढला आणि शुद्ध हरपली तरी खाली पडू नये म्हणून त्याने स्वतःला पट्ट्याने फांदीशी बांधून घेतले. घोड्यामागे गेलेला दुसरा सिंह परत आला, पण कुत्र्याने त्याला भुंकून भुंकून हैराण केले. मागून माणसे आली, त्यांनी त्याला उतरवले आणि कित्येक दिवसांच्या वाटेवरून उचलून नेऊन दवाखान्यात पोचवले. तो जगला, आणि १९४६ सालापर्यंत त्याच नोकरीत राहिला. ती सुरी आणि त्या सिंहाचे कातडे आज स्कुकुझाच्या संग्रहालयात ठेवलेले आहे.

परंतु सिंहाशी झुंजणे हा रेंजरच्या आयुष्यातला अपवाद होय. रोजची झुंज माणसांशी होती, आणि तीही बंदूकवाल्या, ओळखीपाळखीच्या, वजनदार माणसांशी. शिकारबंदी झाली तरी ती आपल्यासाठी नाही, असे तेथील प्रत्येक गोऱ्याला मनातून वाटत असे. शेतकऱ्याला वाटे, आमचे आजे-पणजे येथे शिकार करीत आले. खाणवाल्याला वाटे, आमच्या मजुरांना मांस लागते. सरकारी अंमलदाराला वाटे, आम्हीच सरकार. आणि ज्यांनी गुन्हा पकडावयाचा, ते पोलीसच सर्वांत पुढे! त्या सुरुवातीच्या काळातच वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यांनी राखीव रानात जनावरे मारल्याचे हॅमिल्टनसाहेबांच्या कानावर आले. त्यांनी गाजावाजा केला नाही. साक्षीपुरावा गोळा केला आणि सरळ खटला भरला. अधिकारी दोषी ठरले.

ह्या एका खटल्याने त्या मुलखातील हवा पालटली, असे म्हणण्यास हरकत नाही. माझे वडील तरुणपणी, संस्थाने विलीन होण्यापूर्वी, दरबारी गात असत. दरबार कोठलाही असो, त्याची शिस्त शागिर्दाला सर्वांत आधी लागते आणि सरदाराला सर्वांत शेवटी, पुष्कळदा लागतच नाही, हे मी त्यांच्याकडून लहानपणीच ऐकले आहे. शिकारीच्या कायद्याची तर ह्याहून वेगळी तऱ्हा कोठे असणार? आपल्या संस्थानांतही शिकारखाने होते, राखीव जंगले होती, त्यांवर पहारे होते. रयतेने ससा मारला तर शिक्षा होई. पण ते पहारे वाघासाठी नव्हते. वाघ महाराजांच्या आणि त्यांच्या पाहुण्यांच्या बंदुकीसाठी शिल्लक राहावा म्हणून होते. साबीच्या रानाचा मूळ हेतूही, खरे सांगावयाचे तर, ह्याहून फारसा उदात्त नव्हता. कळप वाढू द्यावेत आणि वाढले म्हणजे सभ्य गृहस्थांस परवाने देऊन शिकार खुली करावी, असाच पुष्कळांचा हिशेब होता. हॅमिल्टनसाहेबांनी तो हिशेब हळूहळू बिघडवून टाकला, हे त्यांचे मोठे काम. वरच्या माणसालाही कायदा लागतो हे एकदा दिसल्यावर मग रान कोणासाठी राखावयाचे, हा प्रश्न निराळ्या रीतीने विचारता येऊ लागला.

पोलिसांचा हा अनुभव आल्यावर साहेबांनी दुसरी एक गोष्ट केली. रानातील सगळी सत्ता त्यांनी एकेक करून आपल्याकडे घेतली. पोलिसांचे काम आमचे रेंजर करतील, म्हणून पोलीस गेले. न्यायाधीशाचे अधिकार त्यांना मिळाले, देशी लोकांच्या खात्याचे काम त्यांच्याकडे आले, सीमेवरील जकातही तेच पाहू लागले. १९०३ मध्ये उत्तरेकडे सिंग्वित्सी नावाचे दुसरे राखीव रान जाहीर झाले. तेही त्यांच्याच हाती. दोहोंच्या मधला मुलूख जमीन-कंपन्यांच्या मालकीचा होता; त्या कंपन्यांशी पत्रव्यवहार करून तेथील शिकार राखण्याचे अधिकारही त्यांनी काही वर्षांच्या कराराने मिळवले. पाहता पाहता पोर्तुगीज सीमेलगतचा एवढा थोरला प्रदेश एका माणसाच्या शब्दावर चालू लागला. त्याला कोणी वॉर्डन म्हणोत. तो जवळजवळ संस्थानिकच होता.

आणि येथेच स्कुकुझा ह्या नावाची दुसरी बाजू येते. साबी आणि क्रोकोडाइल ह्या नद्यांमध्ये रान होते, तशी माणसेही होती. त्यांची घरे होती, शेते होती, पूर्वजांच्या समाध्या होत्या. शिकारबंदी नीट राबवावयाची तर माणसे तेथे नकोत, असे साहेबांनी आल्याबरोबर ठरवले आणि नोकरीच्या पहिल्या वर्षा-दीड वर्षात दोनतीन हजार लोकांना तेथून उठवले. जो आला आणि ज्याने सगळे झाडून काढले, तो स्कुकुझा. चोरटे शिकारी झाडले म्हणून हे नाव पडले, असे सांगणारे पुष्कळ आहेत आणि ते सांगणे सोयीचेही आहे. पण ज्यांनी नाव ठेवले ते उठून गेलेल्यांचे भाऊबंद होते. त्यांस कोणते झाडणे आधी आठवले असेल, हे समजण्यास मोठा पंडित लागत नाही.

पुढे उत्तरेकडे रान वाढले तेव्हा साहेबांनी लोकांस राहू दिले, कारण त्यांच्याकडून भाडे मिळे आणि भाड्याऐवजी मजुरीही मिळे. मोझांबिकमधून सोन्याच्या खाणींकडे पायी जाणारे मजूर रानातून चोरवाटेने जात. ते सापडले की त्यांना काही दिवस कामाला लावावयाचे आणि मग पुढला परवाना द्यावयाचा, असा रिवाज पडला. पुढे प्रवासी ज्या रस्त्यांवरून मोटारी हाकीत गेले, त्यांतील कित्येक रस्त्यांची माती ह्या लोकांनी उचलली आहे. पोटासाठी फास लावणारा काळा माणूस तिकडे चोर ठरला. आणि पहिला गोरा माणूस शिकारी की चोर, हे ठरवण्यासाठी मात्र कोर्टात खटला चालवावा लागला. हॅमिल्टनसाहेबांनी तो खटला चालवला, हे त्यांचे श्रेय आहे. पण दुसऱ्यासाठी खटल्याचीही गरज पडली नाही, हे त्या श्रेयाबरोबर लिहून ठेवलेच पाहिजे.

जनावरांच्या बाबतीतही ते आरंभी एवढे समदर्शी नव्हते. हरणे वाढली पाहिजेत तर हरणे खाणारे कमी झाले पाहिजेत, हा त्या काळचा सरळ हिशेब. त्यामुळे सिंह, बिबटे, तरस, रानकुत्री, मगरी, इतकेच काय पण आज ज्याला विमानाने आणून आपण कुनोत सोडतो तो चित्तासुद्धा, रेंजरांच्या गोळीस बळी पडत होता. १९२७ पर्यंतच्या पंचवीस वर्षांत हजाराहून अधिक सिंह त्या राखीव रानात राखणदारांनीच मारले. सिंहाच्या पाठीमागे लागणे त्यावेळी सर्वांस पुण्यकर्म वाटे. आपल्या माधवमहाराजांनी आफ्रिकेहून सिंह आणवून ग्वाल्हेर संस्थानातील जंगलात सोडले, ते बिचारे माणसांवर आणि गुरांवर उठले आणि अखेर मारले गेले, ही हकिकत येथल्या जुन्या मंडळींनी ऐकलेली असेलच. एकीकडे सिंह आणवून सोडत होते, दुसरीकडे त्याच्याच मुलखात त्याला वेचून मारीत होते. आणि दोन्हीकडे हेतू शिकार चांगली व्हावी हाच.

परंतु हॅमिल्टनसाहेब पाहणारे होते. पंचवीस पंचवीस वर्षे एकाच रानात राहून, पाऊस, गवत, रोगराई, कळपांचे येणेजाणे ह्यांच्या नोंदी ठेवून, त्यांच्या ध्यानात आले की हरणांची वाढ-घट सिंहांवर फारशी अवलंबून नाही. रानाचा तोल रानच सांभाळते. माणसाने त्यात जितका कमी हात घालावा तितके बरे. उद्यान झाल्यानंतर सिंह मारण्याचा आग्रह दुसरे लोक धरू लागले, तेव्हा त्याला विरोध करणारे हेच साहेब होते. पूर्वीचे आपले मत लपवून न ठेवता त्यांनी ते बदलले. त्यांचे ॲनिमल लाइफ इन आफ्रिका हे पुस्तक १९१२ साली निघाले, त्यास अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी प्रस्तावना लिहिली. त्यानंतर १९२९ साली लोवेल्डवरील पुस्तक आणि १९३७ साली साउथ आफ्रिकन ईडन हे आठवणींचे पुस्तक आले. ती क्रमाने वाचली तर हे मतांतर स्वच्छ दिसते.

पहिल्या महायुद्धात ते पुन्हा लष्करात गेले, गॅलिपोलीला लढले, नंतर काही काळ सुदानात अंमलदारी केली. १९२० मध्ये परत आले तेव्हा रानाच्या भोवती गिधाडे जमली होती, असे म्हणावयास हवे. मेंढपाळांस हिवाळी चराई हवी होती. कोणाला कोळसा हवा होता. सेलाटीची रेल्वे १९१२ मध्ये पुरी झाली होती आणि तिच्या दोहो बाजूंस वसाहत व्हावी, असे राजधानीत बोलले जात होते. जमीन-कंपन्यांना आपल्या जमिनीवरील शिकारबंदी जाचू लागली होती. त्यांतील एकीच्या गुरांच्या मळ्यावरील माणसाने आपण होऊन एक विल्डेबीस्ट मारले आणि खटला ओढवून घेतला. जमीन कंपनीची आणि जनावर सरकारचे, हे कसे, एवढे एकदा कोर्टाकडून ठरवून घ्यावयाचे होते. गुन्हा शाबीत झाला, पण एवढ्या मोठ्या जमीनमालकांशी कायमचे भांडत रान टिकणार नाही, हे साहेबांस कळून चुकले. नुसती शिकारबंदी एखाद्या मंत्र्याच्या सहीने उठू शकते. रान टिकवावयाचे तर त्याला पार्लमेंटाचा कायदा हवा, आणि कायदा हवा तर मते देणाऱ्या लोकांना ते रान आपले वाटले पाहिजे.

लोकांना ते आपले वाटले ते एका आगगाडीमुळे. १९२३ मध्ये रेल्वेने प्रवाशांसाठी नऊ दिवसांची एक सहल काढली. तिच्या बेतात हे रान रात्रीच्या झोपेत ओलांडावयाचे होते. जनावरे पाहण्यास कोणी पैसे देईल, हे रेल्वेच्या स्वप्नातही नव्हते. साहेबांनी खटपट करून गाडी साबी पुलाशी थांबवली, रेंजर बरोबर देऊन मंडळींना थोडे रानात हिंडवले, रात्री मोठी शेकोटी पेटवली. सिंहाची डरकाळी दुरून ऐकून ती मंडळी इतकी खूश झाली की सबंध सहलीत तोच मुक्काम सर्वांत आवडता ठरला. ज्या सिंहाला मारण्यासाठी रेंजर ठेवले होते, त्यानेच त्या रानाची वकिली केली!

पुढचे राजकारण थोडक्यात सांगतो. जमीनखात्याचे मंत्री डेनीस राइट्झ हे अनुकूल होते. १९२४ साली मंत्रिमंडळ बदलले, तरी नवे मंत्री पीट ग्रोब्लर हेही अनुकूलच निघाले. ते क्रूगर ह्यांच्या नात्यातले. उद्यानास क्रूगर ह्यांचे नाव द्यावे म्हणजे बोअर मते एकजुटीने पाठीशी राहतील, हे सर्वांच्या ध्यानात आले. क्रूगर ह्यांस रानातील प्राण्यांचा असा काही कळवळा होता, असे हॅमिल्टनसाहेबांस खाजगीत मुळीच वाटत नसे. पण जाहीरपणे ते एक अक्षर बोलले नाहीत. आपले नाव बाजूला राहिले तरी काम झाले पाहिजे, एवढे पथ्य त्यांनी पाळले. ३१ मे १९२६ रोजी राष्ट्रीय उद्यानांचा कायदा मंजूर झाला. १९२७ मध्ये उद्यान लोकांना खुले झाले, तेव्हा वर्षभरात तीन मोटारी आल्या. दुसऱ्या वर्षी एकशे ऐंशी. पुढे रस्ते झाले, छावण्या झाल्या आणि साहेबांच्या डोक्याला नवाच ताप सुरू झाला. पूर्वी बंदूकवाल्यांना आवरावयाचे होते, आता मोटारवाल्यांना. गाडीतून उतरू नका, जोराने हाकू नका, अंधार पडण्यापूर्वी छावणीत या, हे हजारो लोकांना सांगत बसणे त्यांच्या स्वभावाला मुळीच मानवणारे नव्हते. त्यांना रान हवे होते, जत्रा नको होती. पण जत्रेवाचून रान टिकत नाही, हेही त्यांनीच सिद्ध करून दाखवले होते.

१९३० मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्यांनी लग्न केले. पत्नी हिल्डा चोमंडली ह्या चित्रकार, वयाने त्यांच्याहून तीसेक वर्षांनी लहान. साबी पुलापाशी त्यांचा संसार झाला, मुले झाली. १९३६ मध्ये त्या ठाण्याचे नाव अधिकृतपणे स्कुकुझा झाले. स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या घराच्या पत्त्यावर, लोकांनी ठेवलेले टोपणनाव रोज वाचण्याचा योग थोड्यांच्याच वाट्याला येतो. ३० एप्रिल १९४६ रोजी ते निवृत्त झाले. दोन वर्षांसाठी म्हणून घेतलेली नोकरी, मधली लढाईची वर्षे धरून, चव्वेचाळीस वर्षांची झाली होती.

त्यांच्यानंतर उद्यान वाढले, भोवती कुंपणे आली. पांढरा गेंडा तेथून नाहीसा झाला होता. १९६१ साली तो नाताळहून आणून पुन्हा सोडण्यात आला. झाडून काढण्याची रीतही चालू राहिली. उत्तर टोकाला पाफुरी येथे राहणाऱ्या माकुलेके लोकांना १९६९ मध्ये उद्यानासाठी हलवण्यात आले. वर्णभेदाचे राज्य संपल्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९८ साली जमीन परत मिळवली. मिळाल्यावर ती त्यांनी नांगरली नाही; रान म्हणूनच ठेवली आणि त्याचे उत्पन्न आपल्याकडे घेतले. आपल्या कुनोतूनही गीरचे सिंह येणार म्हणून चोवीस गावे उठवली. त्यांत बहुतेक सहरिया. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तरी सिंह काही आले नाहीत, आणि त्या मोकळ्या जागेवर पुढे चित्ते आले. चित्त्यांच्या गळ्यात पट्टे आहेत, त्यांच्या मागावर दिवसरात्र माणसे आहेत. ती माणसे कोण, कोठल्या गावची, आणि त्यांची नावे कोणत्या रिपोर्टात लिहिली जातात की नाही, हे आपल्या वर्तमानपत्रांनी एकदा विचारण्यासारखे आहे.

निवृत्तीनंतर हॅमिल्टनसाहेब उद्यानाजवळच, व्हाइट रिव्हर येथील आपल्या शेतीवर राहिले. १० डिसेंबर १९५७ रोजी, नव्वदी गाठून, ते तेथेच वारले. हिल्डाबाई १९७९ मध्ये गेल्या. त्या वर्षी दोघांच्या अस्थी स्कुकुझाच्या दक्षिणेस शिरिमांतांगा नावाच्या एका खडकाळ टेकडीवर नेऊन विखुरण्यात आल्या.